धाकू मोतद्दाराची जांभई

वैशाख वद्य पंचमी, सोमवार, सकाळी साडेआठ. पोलादपूरच्या धर्मादाय दवाखान्याचं अंगण. हजर: दवाखान्याचे विश्वस्त आबासाहेब, डॉक्टर, मी (दवाखान्याची नर्स), धाकू उतेकर (घोडीची निगा राखणारा मोतद्दार), ओसरीवर पहाटेपासून येऊन बसलेले एकवीस रोगी, आणि साळू, तांबडी घोडी, वय अंदाजे सहा.

माझ्या त्या वर्षीच्या वहीत ही नोंद अशीच आहे. धाकूदादाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने ती माझ्याकडून वाचून घेतली. ऐकून म्हणाला, "घोडीचं नाव शेवटाला का? परीक्षा तिची हाय. बाकीची सगली बघायला आल्यात."

त्या दिवशी ठरायचं होतं ते एवढंच, की साळूला ठेवायचं की विकायचं. विकली तर माझ्या वाड्यांवरच्या फेऱ्या बंद. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या आणि उमरठकडच्या डोंगरातल्या मिळून चौदा वाड्या माझ्याकडे होत्या. तिथले कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला. मागे म्हातारी माणसं, बायका आणि भाताची खाचरं. एखादी बाई अडली तर डोलीला चार खांदे मिळणं मुश्कील. आदल्या पावसाळ्यात एक बाई डोलीतच गेली, दवाखाना अर्ध्या कोसावर असताना. त्यानंतर आबासाहेबांनी महाडहून घोडी आणून दिली. बाईला खाली आणण्यापेक्षा नर्सने वर जावं, हा विचार त्यांचाच, आणि चांगला होता. घोडी मात्र बुजरी निघाली.

तिने मला दोनदा पाडलं, डॉक्टरांना एकदा. डॉक्टर त्यानंतर तिच्याकडे पाहून बोलतसुद्धा नसत. ती कशाला बुजते हे कळावं म्हणून मी यादी ठेवली होती. छत्री, पांढरं धोतर, पाण्याची कळशी, उडालेलं पान, कुत्रं, कुत्रं नसणं. सतरा प्रसंग झाले तेव्हा मी यादी थांबवली, कारण सतराव्या वेळी काहीच घडलं नव्हतं, आणि तरीही ती खुंटा उपटून नदीपर्यंत गेली होती.

धाकूदादा आला तो माघाच्या सुमाराला. उमरठच्या पलीकडच्या वाडीतला. तीस वर्षं मुंबईत एका शेटच्या तबेल्यात होता. शेटने घोडे काढून मोटारी घेतल्या आणि हा गावी परतला. बुटका, पायांनी थोडा फेंगडा, अंगात तबेल्यातला जुना खाकी कोट, त्याला एकच पितळी बटण शिल्लक. नाव धाकू, पण धाक कुणालाच नाही, असं डॉक्टर म्हणत.

तो कुणाकडेही सरळ चालत जात नसे. घोडीकडे जायचं असलं तर आधी गवताच्या भाऱ्याकडे, मग पाण्याच्या डोणीकडे, आणि मग जणू वाटेत भेटली म्हणून घोडीकडे. माणसांशीही तेच. माझ्या खोलीत आला की आधी औषधांचं कपाट बघायचा, मग भिंतीवरचं पंचांग, आणि मग मी दिसल्यासारखं करून म्हणायचा, "नर्सबाय, हायत का?" मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची.

पहिल्या दिवशी मी त्याला काय काय करायचं ते सांगितलं. एकवीस दिवसांचा तक्ता केला होता: पहिला आठवडा खोगीर, दुसरा स्वारी, तिसरा घाट. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यो तिला वाचून दाखवलात?"

"कुणाला?"

"घोडीला. तिला ठाव नाय ना, आठ दिसात काय शिकायचं हाय ते."

मग त्याने एक घमेलं पालथं घातलं, घोडीपासून दहा हातांवर तिच्याकडे पाठ करून बसला, आणि भली मोठी जांभई दिली. थोड्या वेळाने आणखी एक. सकाळभर त्याने दुसरं काही केलं नाही. ओसरीवरच्या एका आजीने मला बोलावून सांगितलं, "बाय, ह्यो मानूस कामचोर हाय. नि बघ, जांभय देतो तर चुटकीपन नाय वाजवत. मुंबयला बिघडला."

जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवायची, नाहीतर आयुष्य घटतं, हे आमच्याकडे लहानपणापासून हाताला शिकवलेलं असतं. धाकूदादाची ती सवय तबेल्यात गेली होती. का, ते मी तेव्हा विचारलं नाही. जांभया कशाला, ते मात्र विचारलं.

"दुसरा भ्यालेला नाय हे तिला कसं कळनार? सांगून कळत नाय. आपन आळसावलेलं दिसलं पायजे. वाघ दिसला तर कोन जांभय देतो?"

चार दिवसांनी तो कपाट, पंचांग या वाटेने माझ्यापुढे आला आणि म्हणाला, "ती सतरा येळची यादी वाचा."

मी वाचली. छत्री, धोतर, कळशी.

"ते नको. तिथं कोन कोन व्हतं ते."

मला प्रत्येक नोंदीपुढे हजर माणसं लिहायची सवय. डॉक्टर नावं ठेवायचे, पण त्या दिवशी ती उपयोगी पडली. मी नावं वाचत गेले, तो डोळे मिटून ऐकत होता. मधे मधे विचारायचा, "हा उभा व्हता का बसला व्हता?" मला आठवेल तसं मी सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुमच्या यादीत सगली बसलेली मानसं हायत. चालनाऱ्यास घोडी बुजत नाय. वाट बघत बसलेल्या मानसास बुजते."

"बसलेल्या माणसात भिण्यासारखं काय आहे?"

"तेच मला कळंना. या, हितं बसा."

त्याने मला घमेल्यावर बसवलं. घोडी लांब दोरावर मोकळी उभी होती. मी बसले. काही झालं नाही. पाव तास झाला, अर्धा झाला. ऊन चढलं, आदल्या रात्री एका बाळंतपणाला केलेलं जागरण अंगात होतं, आणि मला जांभई आली. हात आपोआप तोंडापुढे गेला आणि चुटकी वाजली.

घोडी दोराच्या टोकाला जाऊन आदळली.

धाकूदादाने माझ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "परत."

"जांभई अशी सांगून येत नाही, धाकूदादा."

"नुसती चुटकी."

मी वाजवली. पुन्हा तेच. सगळा दवाखाना दोन महिने छत्र्या लपवत होता, आणि घोडी भीत होती ती चुटकीला. पहाटेपासून ताटकळलेली माणसं जांभया देणारच, आणि आमच्या भागात जांभई म्हटली की चुटकी आलीच. आम्हाला ती ऐकूसुद्धा येत नव्हती.

मी महाडला कुणाला तरी पाठवून चौकशी करणार होते. पहिला मालक टांगेवाला होता. चाबूक मारण्याआधी तो चुटकी वाजवत असेल, असा माझा तर्क. धाकूदादाने मोडता घातला. "कारन कशास पायजे? भ्या हाय, येवढं पुरं. त्या टांगेवाल्यास हितं आनून चार शिव्या दिल्यात तर घोडी बरी व्हनार हाय काय?"

मग मी मला सुचेल ते केलं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'येथे चुटकी वाजवू नये' असं लिहून ओसरीवर टांगलं. धाकूदादाने ते काय आहे विचारलं. सांगितल्यावर तोंडावर हात धरून हसला. "वाचनारी दोगं हायत. तुमी नि डाक्टर." आणि मग जरा गंभीर होऊन, "नर्सबाय, सगल्या मुलखाची बोटं बांधता येतील काय? त्यापरीस एका घोडीला समजवू."

ते समजावणं मी रोज सकाळी खिडकीतून पाहत असे. दीड महिना तिच्या पाठीवर कुणी बसलं नाही. दवाखान्यामागच्या मोकळ्या खाचरात तो तिला लांब दोरावर गोल फिरवी. याला तबेल्यातले लोक कावा म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "धाकू, घोडीला कसला कावा शिकवतोस?" तो म्हणाला, "ह्यो तो न्हवं साहेब. ह्या काव्यात कोन फसत नाय." एक फेरा इकडून, एक तिकडून, मग थांबायचं. दोन पावलं मागे. मानेवर, कानांच्या मागे दोन बोटांचा भार ठेवायचा. तिने डोकं जरा खाली केलं की बोटं काढायची. "डोकं खाली आलं का भ्या खाली येतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. घोंगडीने अंग पुसायचं, घोंगडी पाठीवर टाकायची, काढायची. आणि प्रत्येक वेळी तो तिच्या तोंडाकडे बघे. खालचा ओठ ढिला पडून लोंबला, जीभ फिरली, ती रवंथ केल्यासारखं चघळू लागली, की लगेच दोर सैल. "ओठ सुटला. आजचं झालं."

हे 'आजचं झालं' कधी कधी सकाळी नऊलाच व्हायचं. मी चिडायची. पावसाळा थोड्या दिवसांवर आला होता.

"आणखी एकदा करा ना. आता तर जमलं तिला."

"जमलं म्हनून तर थांबायचं. न जमेपत्तोर करायचं, हा तबेल्यातला कायदा न्हवं."

तबेल्यातली एक गोष्ट तो स्वतःच्या फजितीची म्हणून सांगे. तिथला घोडे शिकवणारा गोरा साहेब प्रत्येक घोड्याजवळ जाताना "ईझी, ईझी" असं म्हणे. धाकूदादाला वर्षभर वाटत होतं, सगळ्या घोड्यांचं नाव ईझी आहे. तो गावी पत्र लिहवून घेई त्यात 'ईझी बरा आहे' असा मजकूर असे. "मंग एकान् सांगितलं, आरं नाव न्हवं ते, 'आस्ते' असा हुकूम हाय. मी बोललो, घोडा तर आस्तेच उभा हाय. तवा ध्यानात आलं, ह्यो हुकूम सायब सोतास देतो."

चुटकीचं त्याने असं केलं. आधी लांबून, खाचराच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून एक जांभई, आणि जांभईच्या शेवटी कोटाच्या खिशात हात घालून आतल्या आत चुटकी. तिचे कान उभे राहिले की तो थांबे, दुसरीकडे बघे, ओठ सुटेपर्यंत. मग परत. रोज दोन-तीन पावलं जवळ. मग हात खिशाबाहेर. "चुटकी म्हंजे जांभय, जांभय म्हंजे झोप, झोपनाऱ्यास कोन भितो?" हा हिशोब त्याने तिच्या डोक्यात उतरवायला किती दिवस घेतले, ते मी लिहून ठेवलं आहे: छत्तीस. छत्तिसाव्या दिवशी तो तिच्या कानाशी उभा होता. त्याने चुटकी वाजवली. साळूने मान लांबवली, वरचा ओठ वळवला, आणि दात दाखवत जांभई दिली. मी खिडकीत एकटीच हसले. मग मलाही जांभई आली.

एक अडचण शेवटपर्यंत राहिली. तो घोडीलाही 'बाय' म्हणे आणि मलाही. "थांब गो बाय" ऐकून मी कितीदा तरी दारात थांबले आहे. 'गो' आला की घोडी, 'तुमी' आलं की मी, हे मला उशिरा समजलं.

आता वैशाखातली ती सकाळ. आबासाहेब खुर्चीवर बसले. साळूला ओसरीसमोर आणून उभं केलं, दोर जमिनीवर टाकलेला. धाकूदादा चार पावलं दूर जाऊन तिसरीकडेच बघत उभा. आबासाहेब भल्या पहाटे महाडहून निघाले होते. पहिली जांभई त्यांचीच. चुटकी खणखणीत वाजली. जांभई पसरते, ओसरीवर एकामागून एक जांभया आणि चुटक्या सुरू झाल्या. साळूने डोकं खाली घातलं, ओठ सोडला, आणि सगळ्यांपेक्षा मोठी जांभई दिली. लोक हसले. डॉक्टर पहिल्यांदा तिच्याकडे पाहून म्हणाले, "शहाणी आहे."

मग मी कासोटा सारखा करून चढले. नाक्यापर्यंत गेले, वळले. परत येताना आबासाहेबांना वाटलं, जरा पळवावी. ते लांबून "चला, चला" म्हणाले आणि घाई दाखवायला त्यांनी दोनदा चुटकी वाजवली. साळू भर रस्त्यात थांबली. मी टाच मारली. तिने जांभई दिली.

आबासाहेब खाली उतरून आले. "धाकू, ही चालते कमी, थांबते जास्त."

"व्हय साहेब," धाकूदादा म्हणाला. "पन थांबलेली घोडी म्होरं नेता येती. पळालेली माघारी आनता नाय येत. नि नर्सबाय वर बसलेल्या असतील तर मला थांबनारी बरी."

आबासाहेबांनी घोडीच्या कपाळावर हात ठेवला. म्हणाले, "हा एक पावसाळा बघू."

श्रावणात, एका दुपारी, आंबेनळीखालच्या वाडीतून एक माणूस धावत आला. मुंबईहून सुट्टीवर आलेला, बायको पहिलटकरीण, सकाळपासून अडलेली. मी पेटी बांधली: कात्री, धागा, बोरिक, स्वच्छ फडकी, दोन घोंगड्या. आम्ही निघालो. वाटेत ओढा फुगलेला. मांडीभर पाणी, पण गढूळ आणि आवाज मोठा. साळू काठावर ताठ उभी राहिली, डोकं आभाळात.

धाकूदादाने तिला तीन पावलं मागे घेतलं. परत काठापर्यंत आणलं. परत मागे. मग स्वतः गुडघाभर पाण्यात जाऊन पाठमोरा उभा राहिला आणि जांभई दिली. पाऊस पडत होता.

तो माणूस ओरडला, "बाबा, थट्टा हाय का? मी वडून नेतो तिला."

"वड. मी हितंच हाय. तू दमलास का मला बोलव."

"धाकूदादा, तिकडे बाई अडलीय," मी म्हणाले.

"म्हनून तर घाय नको. तुमी आधी खांदं सोडा. तुमचं भ्या खोगिराखालनं तिला लागतंय."

मी खांदे सोडले. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी बघितलं: अठरा मिनिटं. अठराव्या मिनिटाला साळूने नाक पाण्याला लावलं, फुरफुरली, आणि स्वतःहून पाय टाकला. पलीकडे गेल्यावर त्या माणसाने तिच्या मानेला हात लावला. मुलगी झाली. आई वाचली. दोन्ही नावं वहीत आहेत.

परतताना मात्र फसलो. कड्याच्या अरुंद वाटेवर दरड आली होती म्हणून मी उतरले होते. दरड ओलांडल्यावर परत चढायचं, तर डाव्या हाताला सरळ दरी. चढायला जागा फक्त उजवीकडे, डोंगराच्या बाजूला. मी तिकडून रिकिबीला हात घातला तशी साळू दरीच्या दिशेला सरकली. धाकूदादाने तिला शब्दाने थोपवलं. मला म्हणाला, "चालत चला, नर्सबाय." पावसात दोन कोस चाललो. दवाखान्याचा दिवा दिसल्यावर धाकूदादा म्हणाला, "चूक माजी. मुंबयत सगली डावीकडनंच चढतात. मीबी तेच शिकवलं. तिथं दरी नाय, हे ध्यानात आलं नाय. उजवीकडनं तिला सगलं नव्यानं शिकवाय लागल. घोडीस दोन डोळे असतात, नि एकाचं दुसऱ्यास ठाव नसतं."

त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत तोवर सारा, म्हणजे पांढरा पडदा, उतरला होता. ओढ्याच्या काठावर तो पाणी बघत नव्हता, ऐकत होता, हे मला नंतर समजलं. आबासाहेबांनी साळूला कायम ठेवलं, आणि कार्तिकात धाकूदादाला डोळे दाखवायला मुंबईला पाठवायचं ठरलं. पुतण्या तिथे होता. आधी मोटारीने दासगाव, मग बोट.

मी त्याला मोटारीपर्यंत पोचवायला गेले. तो आत चढला, बसला, लगेच खाली उतरला. दोन पावलं मागे गेला. परत चढला. परत उतरला. मोटारीचा धक्का आणि वास त्याला सोसत नव्हता. तीस वर्षं मुंबईत काढून तो एकदाही मोटारीत बसला नव्हता, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

"बाबा, चढताय का उतरताय?" कंडक्टर म्हणाला.

"दोनी करतोय. तुमी टिकटा कापा तवर."

चौथ्या खेपेला तो बसून राहिला. समोरच्या बाकाचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला, खाकी कोटाचं एकच बटण लावलेलं. मोटार सुरू झाली तेव्हा मी कुठे उभी आहे हे त्याला दिसत नसावं, तो भलत्याच बाजूला तोंड करून म्हणाला, "नर्सबाय, उजवी बाजू. रोज थोडी थोडी."

मुंबईत त्याची नजर काही परत आली नाही. दोन वर्षांनी पुतण्याचं कार्ड आलं, तो गेल्याचं.

साळू आता बारा-तेरा वर्षांची असेल. दोन वेळा चिखलात अडकली, एकदाही बुजली नाही. मी रोज सकाळी रोग्यांच्या आधी तिच्या उजव्या बाजूला उभी राहते. हात खोगिरावर ठेवून झाला. खोगिरावर भार टाकून झाला. रिकीब ओढून झाली. उजवा पाय रिकिबीत ठेवला तरी ती आता मान खाली घालून उभी राहते, ओठ सोडून. डावा पाय जमिनीवरून उचलायचा, धाकूदादाने सांगितलेल्यातलं शेवटचं तेवढं मी अजून केलेलं नाही.